पडदा बदलावा, नोंदी जपाव्यात

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि दवाखान्यांतील अनेक धडधाकट संगणक एकाएकी जुने ठरले. अशा संगणकावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसवावी असे सुचविले, की पहिली शंका येते : ‘पडदा वेगळा दिसेल, स्वागतकक्षातील मुलीला जमेल का?’ शंका रास्त आहे. तिचे उत्तर लिनक्सच्या रचनेतच आहे.

लिनक्समध्ये पडद्यावरची मांडणी, म्हणजेच डेस्कटॉप, हा मूळ प्रणालीपासून वेगळा भाग असतो. १९९६ साली केडीई आणि १९९७ साली ग्नोम हे प्रकल्प सुरू झाले. जुन्या संगणकावर कमी भार टाकणारा एक्सएफसीई हाही एक पर्याय. एकाच संगणकावर हे दोन-तीन डेस्कटॉप नांदू शकतात. पासवर्ड देण्यापूर्वी हवा तो निवडावा. मांडणी बदलते, आपली कागदपत्रे जागच्या जागी राहतात.

प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असल्याने निवडही स्वतंत्र असते. घरी मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, ही आपल्या ग्वाल्हेरकरांची रीतच. त्याच धर्तीवर डॉक्टरांच्या खात्यात मराठी आणि स्वागतकक्षाच्या खात्यात हिंदी ठेवता येते. सी-डॅकने २००७ साली आणलेल्या ‘बॉस’ या लिनक्समध्येही भारतीय भाषांची सोय होती.

मात्र हे स्वातंत्र्य जपून वापरावे. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांना २०११ साली आलेले ग्नोम ३ रुचले नाही. ते एक्सएफसीईकडे गेले आणि पुढे पुन्हा ग्नोमकडे परतले. जाणकाराला हे शोभते. दवाखान्यात बाहेर रुग्ण खोळंबले असताना बटण शोधत बसणे परवडत नाही. म्हणून माझे मत असे, की आठवडाभर दोन डेस्कटॉप पाहावेत, एक ठरवावा आणि मग त्याला हात लावू नये. निवडही डॉक्टरांनी न करता, दिवसभर त्या संगणकावर ज्याचे हात चालतात त्याने करावी. सोनोग्राफी वा क्ष-किरण यंत्राशी जोडलेला संगणक मात्र, यंत्राचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालते याची खात्री होईपर्यंत, बदलू नये. बदलापूर्वी सर्व नोंदींची वेगळी प्रत काढावीच.

खरा मुद्दा पडद्याच्या शोभेचा नाही. मांडणी आणि माहिती वेगळ्या असाव्यात, हे तत्त्व दवाखान्याच्या प्रत्येक सॉफ्टवेअरला लावावयास हवे. विकत घेताना एकच प्रश्न विचारावा : ‘उद्या हे सॉफ्टवेअर सोडले, तर माझ्या रुग्णांच्या नोंदी दुसरीकडे वाचता येतील अशा स्वरूपात मला परत मिळतील का?’ उत्तर नकारार्थी असेल, तर स्वस्तातला सौदाही महागच समजावा. रुग्णाचा वीस वर्षांचा इतिहास त्याच्या उपचारासाठी असतो. तो कोणा विक्रेत्याकडे ओलीस राहता कामा नये.