नॉनपरेलच्या शेजारी कार्मेल का?



बँकेच्या परकीय चलन विभागात असताना सुक्यामेव्याच्या आयातदारांची कागदपत्रे तपासणे हे माझे नित्याचे काम होते. लेटर ऑफ क्रेडिटमधील मालाचे वर्णन आणि बीजकातील वर्णन यांत तफावत चालत नसे. त्यामुळे एकेका शब्दावर नजर ठेवावी लागे. तेथेच कॅलिफोर्नियाच्या बदामांची नावे माझ्या परिचयाची झाली : नॉनपरेल, कार्मेल, मिशन. दराच्या रकान्यात नॉनपरेल वर असे, बाकीचे त्याच्या खाली.

एकदा एका वयोवृद्ध आयातदारांना मी विचारले, “शेठजी, नॉनपरेलला अधिक भाव मिळतो, तर तिकडचा शेतकरी सगळ्या जमिनीत नॉनपरेलच का लावत नाही?” ते हसून म्हणाले, “साहेब, आमच्या वडिलांपासून हे असेच चालत आले आहे. व्यापाऱ्याने भाव विचारावा. झाडाच्या मनात काय आहे ते कोणी विचारावे?”

निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा उमगले की त्या प्रश्नाचे उत्तर खरोखरच झाडाच्या मनात दडलेले आहे. बदामाचे झाड स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. शास्त्रात या गुणाला स्व-असंगतता म्हणतात.

हा नकार कसा घडतो, ते पाहण्यासारखे आहे. बदामाच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर पडला की त्यातून एक सूक्ष्म नळी फुटते आणि खाली बीजांडाकडे वाढू लागते. वाटेत तिची ओळख तपासली जाते. ही ओळख ज्या जनुकावर अवलंबून असते त्याला ‘एस’ हे अक्षर दिलेले असून त्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांना क्रमांकाने ओळखतात. प्रत्येक झाडाजवळ दोन क्रमांक असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. परागकणात मात्र त्यांपैकी एकच उतरतो. परागाचा क्रमांक स्त्रीकेसराच्या दोहोंपैकी एकाशीही जुळला, तर स्त्रीकेसरातील एक विकर परागनळीतील आरएनए नष्ट करते आणि नळीची वाढ मध्येच थांबते. क्रमांक निराळा असेल, तर ते विकर निष्प्रभ ठरते आणि मार्ग मोकळा होतो.

आपल्या वाचकांना हे समजणे अवघड नाही. पूर्वी स्थळ पाहताना मुलाचे गोत्र मुलीच्या पित्याच्या आणि मातेच्याही गोत्राशी ताडून पाहिले जाई. दोन्हींपैकी एकाशी जुळले तरी बोलणी तेथेच थांबत. बदामाचे फूल हाच हिशेब स्वतःच्या पोटात करते.

निसर्गाने हा बंदोबस्त का केला असावा? चार्ल्स डार्विनने अनेक वर्षे वनस्पतींवर प्रयोग करून १८७६ मध्ये त्यांचे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. स्वपरागातून निपजलेली रोपे परपरागातून निपजलेल्या रोपांपेक्षा बहुधा उंचीने, जोमाने आणि बीजधारणेत उणी पडतात, असे त्याला आढळले. जवळच्या रक्तात दडलेले दोष एकत्र येऊन उघडे पडतात. ते टाळण्यासाठी झाड आजचे फळ सोडते आणि पुढच्या पिढीचे बळ राखते.

रानात यामुळे कोणाचे अडत नाही. बियांपासून वाढलेली झाडे एकमेकांहून वेगळी असतात. काश्मीरमधील जुन्या बागाही बहुतांशी अशा बीजू झाडांच्या. तेथे शेजारचे झाड सहसा परक्या क्रमांकाचेच असे. अडचण निर्माण झाली ती कलमांमुळे. नॉनपरेलची निवड कॅलिफोर्नियात ए. टी. हॅच या बागायतदाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत केली. आज दिसणारी नॉनपरेलची सारी झाडे त्या एकाच झाडाच्या कलमांतून आली आहेत. हजार एकरांत नॉनपरेल लावले, तरी जनुकांच्या दृष्टीने तेथे एकच झाड उभे असते. शेजाऱ्याचा पराग हा स्वतःचाच पराग ठरतो. आणि बदामात आपण खातो ते बीजच असल्यामुळे फलन नाही, तर पीकही नाही.

येथे आकडे पाहणे उद्बोधक आहे. नॉनपरेलचे क्रमांक ७ आणि ८. त्याच काळातील आयएक्सएल नावाचा वाण कॅलिफोर्नियात प्रिय होता. नाव वेगळे, रूप वेगळे. म्हणून नॉनपरेलला त्याची सोबत पुरेल, असे कोणालाही वाटावे. परंतु कॅलिफोर्निया विद्यापीठाचे वॉरन टफ्ट्स यांनी केलेल्या चाचण्यांतून दिसले की बदामाचे वाण स्वतःच्या परागाने तर फळ धरत नाहीतच, पण नॉनपरेल आणि आयएक्सएल हे एकमेकांनाही उपयोगी पडत नाहीत. त्यांचे निष्कर्ष १९१९ पासून प्रसिद्ध होऊ लागले. कारण पुढे कळले : आयएक्सएलचेही क्रमांक ७ आणि ८ च आहेत. पेढ्यांच्या पाट्या निराळ्या, मालक एकच, असा तो प्रकार.

कार्मेलचे क्रमांक ५ आणि ८. त्याच्या परागातील ८ क्रमांकाचा निम्मा भाग नॉनपरेल नाकारते आणि ५ क्रमांकाचा निम्मा स्वीकारते. फुलांवर पराग विपुल असल्यामुळे तेवढ्यावर काम भागते. मिशनचे क्रमांक १ आणि ५, म्हणजे नॉनपरेलला तो पूर्णपणे चालणारा. पण त्याचा बहर काही दिवस उशिराने येतो. केव्हा फुलावे, हेही जनुकेच ठरवतात. हिवाळ्यातील थंडीचे किती तास सोसल्यावर कळी जागी व्हावी, हा प्रत्येक वाणाचा स्वतंत्र ठराव असतो. क्रमांक जुळून तिथी जुळली नाही, तर योग वायाच जातो.

म्हणून कॅलिफोर्नियातील शेतकरी नॉनपरेलच्या ओळींच्या बाजूने दुसऱ्या वाणांच्या ओळी लावतो. साधारण निम्मी जमीन कमी भावाच्या मालाला जाते. तोडणीची वेळ निराळी, त्यामुळे झाडे हलवणे, बदाम गोळा करणे हे सारे दोनदा करावे लागते. शिवाय पराग इकडून तिकडे नेणार मधमाश्या. दर एकरी साधारण २ पेट्या आणि दर पेटीला अलीकडे २०० डॉलरच्या आसपास भाडे. १०० एकरांच्या बागेला केवळ हे भाडे ४०,००० डॉलर. फेब्रुवारीतील त्या दोन-तीन आठवड्यांसाठी पार फ्लोरिडापासून ट्रक भरभरून पेट्या येतात.

आता बीजकांवर एक नवे नाव दिसू लागले आहे : इंडिपेंडन्स. हा वाण स्वतःचा पराग स्वीकारतो. बदामात असा गुण अगदीच नवा नाही. इटलीच्या पुलिया प्रांतातील तुओनो या जुन्या वाणात तो पूर्वापार आहे; तेथे ओळख तपासणारे ते विकर जवळजवळ तयारच होत नाही. पहारेकरी नसल्यामुळे दार उघडे राहते. स्पेन आणि इटलीतील संशोधकांनी या गुणाचा नव्या वाणांसाठी उपयोग करून घेतला. बागायतदाराच्या दृष्टीने लाभ उघड आहे : एक वाण, एक तोडणी, पेट्यांवरचा खर्च कमी.

तथापि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंडिपेंडन्सच्या ज्या फांद्यांपर्यंत मधमाश्या पोहोचू दिल्या, त्यांना न पोहोचू दिलेल्या फांद्यांपेक्षा सुमारे २० टक्के अधिक गर मिळाला. नाव स्वातंत्र्याचे असले, तरी दुसऱ्याची मदत घेतल्याने उत्पन्न वाढतेच.

आयुष्यभर कर्जखाती पाहिलेल्या माणसाला येथे आणखी एक विचार सुचतो. बँक एकाच कर्जदाराकडे मर्यादेपलीकडे रक्कम गुंतू देत नाही. तो कर्जदार कितीही सचोटीचा असला तरी. सारी बाग एकाच वाणाची असली, तर सारा बहरही एकाच वेळी येतो आणि नेमक्या त्या आठवड्यातील पाऊस वा दव त्या साऱ्यावर एकदमच पडते. दुसऱ्या वाणाच्या ओळी खर्चाच्या वाटतात खऱ्या, पण त्यांत काही अंशी विम्याचा हप्ताही असतो.

ते शेठजी आज हयात नाहीत. पेढी त्यांचे नातू सांभाळतात. गेल्या दिवाळीत भेट झाली, तेव्हा मी त्यांना हे सारे सांगितले. आजोबांना उत्तर देण्याचे राहून गेले, ही रुखरुख मात्र मनात आहे. त्यांना एवढेच सांगायचे होते : शेठजी, भाव नॉनपरेलला मिळतो, पण त्या प्रत्येक बदामाचा पिता शेजारच्या ओळीतला असतो. त्याचे नाव बीजकावर खालच्या दराने लागते, इतकेच.