बिगुल, ढोल आणि बाविसावं वर्ष

मंडळी, ‘बँड’ म्हटलं की आपल्याला आठवते लग्नाची वरात, नाहीतर सव्वीस जानेवारीचं संचलन. त्यापलीकडे आपली गाडी जात नाही. अमेरिकेत मात्र तरुण मुलामुलींचा एक स्पर्धेचा प्रकार आहे, ‘ड्रम अँड ब्यूगल कोर’. (लिहिताना शेवटी ‘पी’ आणि ‘एस’ असतात, ते उच्चारायचे नाहीत. आपल्या एन्सीसीतला ‘कोर’ तोच.) तिकडे माझी नात शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते, तिला आता यात जायचंय, आणि त्यावरून घरात दोन तट पडले आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी प्रकार समजून घ्या. फुटबॉलचं मोठं मैदान, त्यावर दीडशेच्या आसपास पोरं. काहींच्या हातात ट्रम्पेट, मेलोफोन, ट्यूबा अशी पितळी वाद्यं, काहींच्या गळ्यात ढोल. बासरी, क्लॅरिनेट नाही. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी तो ओठाशी वेताची पट्टी धरून फुंकायचा, म्हणून तोही बाद. उरलेली मुलं झेंडे फिरवतात आणि लाकडी रायफली उंच फेकून अचूक झेलतात. हे सगळं चालत, पळत, मैदानावर आकृत्या काढत, समोर कागद न ठेवता, दहा-बारा मिनिटं. मी संगणकावर पाहिलं तेव्हा आमच्या शाळेतलं लेझीम पथक आठवलं. चाळीस मुलींची एक रांग सरळ ठेवताना माझा घसा बसायचा!

सुरुवात साधी होती. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटना, चर्च, मोहल्ल्यातली मंडळं यांनी मुलांच्या हाती बिगुल आणि ढोल दिले. स्पर्धाही सैनिकांच्या संघटनाच घ्यायच्या, नियमही त्यांचेच. ते जाचक वाटू लागल्यावर काही पथकांच्या चालकांनी १९७१ मध्ये स्वतःची संस्था काढली, ड्रम कोर इंटरनॅशनल. पहिलं अजिंक्यपद १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झालं आणि कॅलिफोर्नियाच्या अनाहाइम किंग्जमेननं ते जिंकलं.

माझ्यातली मास्तरीण जागी झाली ती गुणांच्या पद्धतीपाशी. पूर्वी परीक्षक मैदानात मुलांच्या मधून फिरत आणि चूक दिसली की खूण करून गुणाचा दहावा भाग कापत. म्हणजे थेट आपली लाल शाई! मग पथकं चूक होणारच नाही असं सोपं काहीतरी बसवायची. १९८४ पासून ही पद्धत गेली आणि काय साधलं ते पाहून गुण देणं सुरू झालं. त्यानंतर कार्यक्रम अवघड आणि देखणे होत गेले. आपल्या शाळांनी एवढं एक जरी उचललं असतं तरी... असो. आता शंभरातले चाळीस गुण एकूण परिणामाला, तीस दृश्याला, तीस संगीताला. पण ते देतात हजारांशापर्यंत. २००८ मध्ये फँटम रेजिमेंटला ९८.१२५ आणि ब्लू डेव्हिल्सना ९८.१००, एवढ्यावर अजिंक्यपद ठरलं. एका निबंधाला साडेसात द्यावे की आठ यावर मी अर्धा तास घालवलेला आहे, त्यामुळे या हजारांशावर माझा काडीचा विश्वास नाही.

आता घरातलं भांडण. वसंतात महिनाभर उन्हात दिवसदिवस तालीम, मग ऑगस्टपर्यंत गावोगाव दौरा. रात्री बसमध्ये झोपायचं, उरलेली झोप कुठल्यातरी शाळेच्या व्यायामशाळेच्या जमिनीवर. पगार नाही. उलट मुलांनीच पैसे भरायचे, अनेक पथकांत पाच हजार डॉलरांच्या आसपास. लेक म्हणते, “आई, पैसे मोजून हाल करून घ्यायचे?” जावईबापूंच्या मते तेवढ्या सुट्टीत कॉलेजच्या उपयोगाचं काहीतरी व्हावं.

मी नातीच्या बाजूनं आहे. मुख्य कारण वयाचा नियम. बाविसावं वर्ष उलटलं की कितीही गुणी असा, बाहेर. दरवर्षी पथकातली अनुभवी मुलं जातात आणि नवखी येतात. तिथं कुणी मिरास करून बसू शकत नाही. दुसरं म्हणजे, तिथं एकट्याला चमकता येत नाही. ट्यूबावाला दोन पावलं चुकला की आकृती मोडते, म्हणून मागच्याचं भान ठेवावं लागतं. हे कुठल्या उन्हाळी नोकरीत शिकवतात?

पण डोळे मिटून ‘जा’ म्हणणारी मी नाही. मोहल्ल्यातल्या गरीब पोरांसाठी निघालेली ही गोष्ट आता ऐपतीची झाली आहे, हे मला खुपतं. पथकांनाही खर्च झेपत नाही. २०१८ चं विजेतं सांता क्लारा व्हॅनगार्ड २०२३ मध्ये पैशांअभावी उतरलंच नाही. आणि १९३४ साली सुरू झालेलं, दहा वेळा अजिंक्य ठरलेलं द कॅडेट्स २०२४ मध्ये कायमचं बंद झालं. पूर्वीच्या एका लैंगिक अत्याचाराबद्दल दावा लागला होता, त्याचा भार संस्थेला पेलला नाही. शिस्त, आज्ञापालन, घरापासून लांब राहणं आणि शिकवणाऱ्याबद्दलचा धाक एकत्र आले की मुलं बोलत नाहीत. हे मी बत्तीस वर्षं वर्गात उभी राहून जाणते. ‘सर मोठे कलावंत आहेत’ हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात.

म्हणून लेकीला लिहिलं आहे, नाही म्हणण्याआधी पथकाला विचारा. मुलींबरोबर रात्री कोण असतं? तक्रार करायची तर शिकवणाऱ्यांना वगळून कुणाकडे? नेमणुकीआधी माणसांची चौकशी होते का? ऊन लागलं तर डॉक्टर कुठे? फीमध्ये सवलत कुणाला मिळते? नीट उत्तरं देणारं पथक निवडा, भले ते पहिल्या बारांत नसो. निवडीची शिबिरं हिवाळ्यात असतात, म्हणजे वेळ आहे. नातीनं लगेच अंगठा पाठवला. जावईबापूंचं उत्तर अजून यायचंय.