कटकच्या स्वारीतला शिपाई आणि राजा भोजाची सावली

#थ्रेड

१/ गोंदिया जिल्ह्यात जात पडताळणीच्या निमित्ताने घरोघरी वंशावळ तयार होते. अर्जुनी मोरगावच्या तहसील कार्यालयाबाहेर अर्ज लिहून घेणाऱ्या मुलांनाही खापरपणजोबांपर्यंतची नावे पाठ असतात. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. कोतवाल पंजीत किंवा शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात तो सापडला की शोध थांबतो. त्यापलीकडची जागा मात्र रिकामी राहत नाही. पोवार घरांत तेथे थेट धारचा राजा भोज येऊन बसतो.

२/ भोज अकराव्या शतकातला. वैनगंगेच्या खोऱ्यातली पोवारांची वसाहत विस्तारली ती मुख्यत्वे भोसलेकाळात, म्हणजे अठराव्या शतकात. मधली साडेसहाशे-सातशे वर्षे एका उडीत ओलांडली जातात. त्या उडीत ज्याची सर्वाधिक उपेक्षा झाली तो राजा नव्हता. तो नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतला एक साधा शिपाई होता आणि या मातीतल्या बहुसंख्य घराण्यांचा खरा मूळपुरुष होण्याचा अधिकार त्याचाच अधिक आहे.

३/ रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात पोवारांविषयी जी परंपरा नोंदवलेली आहे ती थोडक्यात अशी : हे लोक माळव्याकडून आले, रामटेकजवळच्या नगरधन येथे प्रथम स्थिरावले, पुढे भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत त्यांनी लष्करी चाकरी केली आणि तिच्या मोबदल्यात त्यांना वैनगंगेच्या खोऱ्यातील पडीक व जंगली जमीन मिळाली. या वाक्यातला पहिला भाग घरोघरी सांगितला जातो. उरलेला भाग, ज्यात प्रत्यक्ष चाकरी आहे आणि प्रत्यक्ष जमीन आहे, तो कोणी फारसा सांगत नाही.

४/ कटकशी नागपूरचा संबंध १७५१ चा. त्या वर्षीच्या तहाने बंगालचा नवाब अलिवर्दी खान याने ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात जाऊ दिला आणि बंगालच्या चौथाईपोटी वार्षिक बारा लाख रुपये कबूल केले. तेव्हापासून १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत नागपूर ते कटक हा भोसल्यांचा लष्करी रस्ता होता. रायपूर-रतनपूरकडे जाणाऱ्या फौजेला वैनगंगा ओलांडावीच लागे.

५/ पोवारांची परंपरा ज्या स्वारीशी जोडली जाते ती मुधोजी भोसल्यांचा मुलगा चिमणाजी याची. नाना फडणीसांनी निजाम, हैदर आणि नागपूरकर यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणले होते. बंगालवर चालून जाणे हा नागपूरकरांचा वाटा ठरला. १७७९ च्या अखेरीस फौज निघाली, १७८० मध्ये कटकला पोचली आणि तेथेच रेंगाळली. वॉरन हेस्टिंग्जने लाखो रुपये देऊन तिला बंगालपासून दूर ठेवले. फौजेचे पगार थकलेले होते, त्यामुळे हे पैसे नाकारण्याइतके बळ छावणीत नव्हते.

६/ म्हणजे ज्या मोहिमेच्या बक्षिसावर गावे उभी राहिली असे सांगतात, तिच्यात मोठी लढाई झालीच नाही. कित्येकांना हे ऐकून निराशा वाटेल. परंतु शिपायाच्या बाजूने पाहिले तर यात कमीपणा कसला? शेकडो कोस चालत जायचे, परमुलखात पावसाळा काढायचा, पगाराची वाट पाहायची आणि परत येऊन रोकड्याऐवजी जंगल घ्यायचे. अठराव्या शतकातल्या बहुतेक शिपायांचे आयुष्य असेच होते. तलवारीचे हात पोवाड्यांत अधिक आणि छावणीत कमी आढळतात.

७/ याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक विलक्षण समांतर गोष्ट घडत होती. फेब्रुवारी १७७९ मध्ये जॉर्ज रॉजर्स क्लार्क या व्हर्जिनियाच्या सेनानीने मूठभर सरहद्दी शिपायांनिशी व्हिन्सेन्सचा किल्ला इंग्रजांकडून जिंकला. व्हर्जिनियाच्या तिजोरीतही पैसे नव्हते. क्लार्कच्या पलटणीला आजच्या इंडियाना राज्यात, ओहायो नदीकाठी, दीड लाख एकर जंगल देण्यात आले. साध्या शिपायाच्या वाट्याला १०८ एकर आले.

८/ त्या १०८ एकरवाल्या शिपायाचे वंशज आज त्याचा माग सहज काढतात. १८३२ च्या कायद्याने अमेरिकेतील जुन्या शिपायांना निवृत्तिवेतन मिळू लागले. त्यासाठी म्हाताऱ्या शिपायाने न्यायालयात उभे राहून शपथेवर सांगायचे की जन्म कोठे झाला, कोणत्या सरदाराखाली चाकरी केली, कोणत्या वाटेने कूच झाले. पुढे विधवांनाही अर्ज करता आला. लग्नाचा पुरावा म्हणून त्यांनी घरच्या बायबलमधले जन्म-विवाह लिहिलेले पान फाडून अर्जाला जोडले. ती पाने आजही सरकारी दप्तरात आहेत.

९/ क्लार्कची गोष्ट येथेच संपत नाही. मोहिमेच्या खर्चाच्या त्याच्या पावत्या सरकारदरबारी हरवल्या, म्हणून त्याचे पैसे बुडाले आणि तो कर्जात मेला. त्याच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९१३ मध्ये, त्या पावत्या रिचमंडच्या एका सरकारी इमारतीच्या माळ्यावर सापडल्या. कागद हरवला म्हणजे माणूस हरवला असे नव्हे. फक्त माळ्यावर चढणारा कोणी लागतो.

१०/ वैनगंगेच्या शिपायाने असा शपथेवरचा जबाब कोठे दिला नाही. त्याचा माळा वेगळा आहे. भाटांच्या पोथ्या हा त्याचा एक कोपरा. पोवारांची छत्तीस कुळे, बिसेन, पटले, कटरे, रहांगडाले, तुरकर, बोपचे, टेंभरे, येडे आणि इतर, यांची परंपरा भाटांनी सांभाळली. परंतु भाट हा यजमानाच्या अंगणात उभा राहून बोलतो. यजमानाला जे ऐकायला आवडते ते पोथीच्या आरंभी ठळक होते. म्हणून पोथी शेवटाकडून वाचावी : अलीकडच्या पाच-सात पिढ्या, गावांची नावे, सोयरिकी. तेथे भाटाला खोटे बोलण्याचे कारण कमी असते. धार-उज्जैनचा भाग सर्वांत शेवटी पाहावा.

११/ येथे एक आक्षेप नेहमी येतो. नागपूरच्या संग्रहालयात परमारांची ११०४ सालची प्रशस्ती आहे, मग विदर्भात परमारांचे राज्य होते हे सिद्धच नाही का? राज्याचा संबंध होता, हे खरे. पण शिलालेख राजाची वंशावळ सांगतो, आजच्या बांधावरच्या माणसाची नव्हे. एखाद्या प्रदेशावर कोणाचे राज्य होते आणि त्या प्रदेशातला शेतकरी कोणाचा वंशज आहे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्यांची गल्लत ही समाजमाध्यमांवरच्या इतिहासातली सर्वांत लाडकी चूक म्हणावी लागेल.

१२/ दुसरा कोपरा सोयरिकीचा. अमेरिकेत विधवेच्या अर्जामुळे स्त्रियांची नावे उरली. येथे कुळाबाहेर लग्न करण्याच्या नियमामुळे निदान आईचे आणि आजीचे कूळ लक्षात राहिले. आजीचे माहेर कोणते, तिच्या आईचे कोणते, हे विचारत गेले तर गावांची एक साखळी हाती येते. कित्येकदा ती गोंदियातून तिरोड्याकडे, तेथून नदीपार बालाघाटकडे किंवा मागे रामटेककडे सरकते. फौज आणि वस्ती ज्या वाटेने सरकली असेल, तिचा हा जिवंत नकाशा आहे. घरातली म्हातारी माणसे बोलती असेपर्यंतच तो वाचता येतो. पोवारी बोलीही अशीच साक्षीदार : तिचा पाया हिंदीच्या बोलींचा, तर शेतीचे कितीतरी शब्द झाडीपट्टीतल्या मराठीचे.

१३/ तिसरा कोपरा जमिनीचा आणि तोच सर्वांत भक्कम. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६० च्या दशकात इंग्रजांनी गावोगाव बंदोबस्त केला आणि गाव वसवणाऱ्या किंवा वसूल करणाऱ्या घराण्यांना मालगुजार म्हणून मालकी दिली. मालकी ठरवायची तर गाव कोणी वसवले याची चौकशी आली. बंदोबस्ताच्या मिसली, वाजिब-उल-अर्ज आणि गावनकाशे यांतून घराणे दीडशे वर्षे मागे जाते. तेथून चिमणाजीच्या स्वारीपर्यंत तीन-चार पिढ्यांचेच अंतर उरते. सातशे वर्षांच्या उडीपुढे हे अंतर किती माणसाच्या आवाक्यातले आहे!

१४/ कागद कोठे शोधायचे, यात बहुतेकांची फसगत होते. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून निघाला. अर्जुनी मोरगावचा मुलूख त्यापूर्वी साकोली तहसिलीत होता. बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये बनला, त्यातही जुन्या भंडाऱ्याचा तुकडा गेला. १९५६ पर्यंत हा सगळा प्रदेश मध्य प्रदेशात होता. तेव्हा एकाच घराण्याचा माग गोंदिया, भंडारा, नागपूर आणि बालाघाट अशा चार ठिकाणी विखुरलेला असू शकतो. त्यात जिल्ह्यात अर्जुनी दोन : एक मोरगावची, एक सडक अर्जुनी. जुन्या कागदात नुसते ‘अर्जुनी’ दिसले की परगणा आणि शेजारची गावे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

१५/ आता या कथेतला अवघड भाग. ‘पडीक व जंगली जमीन’ हे शब्द देणाऱ्याचे आहेत. ते जंगल गोंडांचे होते. क्लार्कच्या शिपायांना मिळालेले जंगलही रिकामे नव्हते. शॉनी आणि मायामी लोकांच्या मुलखातून ते कापून दिले गेले. दोन्हीकडे राजसत्तेने स्वतःची थकबाकी दुसऱ्याच्या भूमीतून फेडली. शिपाई कष्टाळू होता, त्याने धुरे घातले, बांध्या पाडल्या, बोड्या खोदल्या, रानाची धानशेती केली. हे सारे खरे असूनही ही नोंद त्याच्या वंशावळीत असलीच पाहिजे. पूर्वजांचा अभिमान बाळगायचा तर त्यांच्या सातबाऱ्याचा आधीचा फेरफारही वाचावा लागतो.

१६/ आणि दुसरे टोक बंगालचे. १७४० च्या दशकातल्या भास्करराम कोल्हटकरांच्या स्वाऱ्यांची आठवण तेथे बाळाला झोपवताना म्हणायच्या गाण्यात उरली आहे. त्यात भीती दाखवली जाते ती ‘बर्गी’ची, म्हणजे बारगीराची. बारगीर हा फौजेतला गरीब घोडेस्वार. घोडा सरकारचा, त्याचा नव्हे. स्वतःचा घोडा असे तो शिलेदार. नागपूरकडे ज्याचे नावही कोणी लिहून ठेवले नाही, तो बंगालमध्ये अडीच शतके गाण्यात राहिला.

१७/ नवेगाव बांधच्या परिसरात तर प्रश्न आणखी वेगळा होतो. तेथला प्रचंड तलाव कोहळी समाजातील कोलू पाटलाने बांधला अशी परंपरा आहे. चांद्याच्या गोंड राजाने काशीकडून तलाव बांधणारे कोहळी आणले, असेही सांगितले जाते. या मुलखात जमीन तलवारीने मिळाली तशी पाळ घालूनही मिळाली. मग मूळपुरुष म्हणून मिरवायला सर्वांना राजा किंवा सरदारच का हवा असतो? पाळ घालणारा माणूस पुरत नाही का?

१८/ मालगुजारी १९५१ मध्ये संपली. तलाव सरकारकडे गेले आणि ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखले जाऊ लागले. ज्याला स्वतःच्या घराण्यातला कटकचा शिपाई शोधायचा आहे त्याने गावच्या मामा तलावाच्या पाळीवर उभे राहावे आणि पहिल्या बंदोबस्ताची मिसल मागवावी. तिच्यात मालगुजाराचे नाव आधी येते, कुळांची नावे नंतर. ती दोन्ही याद्या उतरवून घ्याव्यात.