नववीच्या उंबरठ्यावर

दहावीचा निकाल लागला की महापालिकेच्या माध्यमिक शाळांची टक्केवारी खासगी शाळांच्या शेजारी मांडली जाते आणि सारा दोष शिक्षकांच्या पदरी टाकला जातो. नागपुरात मराठी, हिंदी व उर्दू माध्यमांच्या या शाळांत मुख्यत्वे हातावर पोट असलेल्या कुटुंबांची मुले येतात, याचा मात्र विसर पडतो.

अमेरिकेतील १९६६ च्या कोलमन अहवालाने विद्यार्थ्याच्या यशापयशात शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा असल्याचे दाखविले. याचा अर्थ शाळा निरुपयोगी असा नव्हे. घरची उणीव शाळेने भरून काढली पाहिजे, असा आहे. नेमका तेथेच शासनाचा हात आखडतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे छत्र सहा ते चौदा वयापुरते. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच. २०१६ च्या दुरुस्तीनुसार बालमजुरीवरील सरसकट बंदीही चौदाव्या वर्षी संपते. पुढे केवळ धोक्याची कामे निषिद्ध.

गरीब घराच्या दृष्टीने शिक्षणाचा खरा खर्च फीपेक्षा बुडालेल्या रोजीत असतो. पहाटे कॉटन मार्केटमध्ये ओझी वाहून वर्गात आलेल्या मुलाला बीजगणित उमगले नाही, तर त्याचा दोष एकट्या शिक्षकाला कसा द्यावा? अर्थात, चांगले शिकविण्याच्या जबाबदारीतून शिक्षक मुक्त होत नाहीत. परंतु दहावीपर्यंत आहार, हजेरीशी निगडित विद्यावेतन आणि सायंकाळी शाळेतच अभ्यासिका, एवढी तरतूद झाल्यावाचून निकालांची तुलना न्याय्य ठरणार नाही.