विहीर खाजगी, जबाबदारी सार्वजनिक

खाजगी मालमत्तेची महती अहोरात्र गाणारी आपली अर्थव्यवस्था एका ठिकाणी मात्र मालकाला खुशाल वाऱ्यावर सोडते. शेजारच्या पेट्रोल पंपाची भूमिगत टाकी झिरपू लागली, तर विहीर शेतकऱ्याची, आजार त्याच्या घरचा आणि पुरावा गोळा करण्याचा खर्चही त्याच्याच माथी! विक्रीचा नफा एकाकडे व गळतीचा तोटा दुसऱ्याकडे, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही.

कल्याण–अहिल्यानगर महामार्गावरील, जुन्नर तालुक्यातील बेल्हे हे गाव सोमवारच्या बैलबाजारासाठी सर्वदूर परिचित आहे. तेथील एखाद्या पंपावर आरोप करण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न असा, की उद्या गळती झालीच तर बेल्ह्याच्या शेतकऱ्याला ती कळणार कशी? या मुलखाच्या पोटात दख्खनचा काळा कातळ आहे. त्यातील पाणी वाळूतल्याप्रमाणे सर्वत्र सारखे पसरत नाही. ते भेगांतून, सांध्यांतून आणि मुरमाच्या थरांतून वाट काढते. म्हणून जवळची विहीर निर्मळ राहावी आणि भेगेच्या वाटेवरची दूरची विहीर नासावी, असेही घडू शकते. विहिरीवरची मोटर तर आसपासचे दूषित पाणी स्वतःकडेच ओढून घेते.

‘थोड्याशा गळतीने काय होते?’ असे विचारणाऱ्यांसाठी साधा हिशेब मांडावा. भारत स्टेज सहाच्या मानकानुसार पेट्रोलमध्ये आकारमानाने १ टक्क्यापर्यंत बेंझीन चालते. म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे ९ ग्रॅम. बेंझीन माणसाला कर्करोग देते, हे निर्विवाद आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. एका लिटर पेट्रोलमधील सगळे बेंझीन पाण्यात उतरले, तर जवळपास ९ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला पोचते! वीस फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी असेल, तर अशा दहा विहिरी झाल्या. काही भाग हवेत उडून जाईल, हे खरे. परंतु टाकीची गळती एका लिटरवर थांबत नाही, हेही तितकेच खरे. वासावर विसंबणेही व्यर्थ. पाण्यातल्या बेंझीनचा वास नाकाला जाणवेपर्यंत त्याचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट झालेले असते.

मग तपासणी? गावोगावी दिलेल्या तपासणी संचांतून क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, कठीणपणा कळतो. पेट्रोल कळत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. नमुना काचेच्या छोट्या बाटलीत, वर हवेचा बुडबुडाही न ठेवता काठोकाठ भरावा लागतो आणि बर्फात ठेवून तातडीने प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. प्लॅस्टिकच्या कॅनमधून नेलेल्या पाण्याचा ‘निर्दोष’ अहवाल म्हणजे फसवणूकच. त्याहून धक्कादायक गोष्ट अशी, की पिण्याच्या पाण्याच्या २०१२ सालच्या भारतीय मानकात खनिज तेलाला मर्यादा आहे, बेंझीनला स्वतंत्र मर्यादाच नाही. जे मोजायचे ठरवलेलेच नाही, ते आढळणार कोठून?

कायदा नाही, असे नव्हे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने भूमिगत पाणीही संरक्षणाखाली आणले. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व ठामपणे लावले. तरीही वसुलीचे प्रकरण २०११ पर्यंत न्यायालयातच रेंगाळत राहिले. आणि २०२४ च्या दुरुस्तीने, प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेशांपुरता, या कायद्यातील अनेक अपराधांचा तुरुंगवास काढून केवळ दंड ठेवला. धनवंताच्या दृष्टीने दंड म्हणजे धंद्याचा आणखी एक खर्च!

भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेने सुद्धा याबाबत शहाणपण दाखवले. १९८६ साली तेथे गॅलनमागे सेंटचा दहावा भाग कर बसवून गळक्या टाक्यांसाठी निधी उभारला गेला. शोध घेतल्यावर तेथे पाच लाखांहून अधिक गळत्या उघडकीस आल्या. आपल्याकडे त्या कमी दिसतात, कारण शोधणाराच नाही. २०२३–२४ मध्ये देशात सुमारे ९ कोटी टन डिझेल आणि ३.७ कोटी टन पेट्रोल खपले. लिटरमागे अवघा १ पैसा बाजूला काढला, तरी वर्षाला दीडशे कोटी रुपये उभे राहतात. तेव्हा ‘पैसा नाही’ ही सबब टिकत नाही.

मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक पंपाच्या आवारात निरीक्षण विंधनविहीर हवी. परिसरातील खाजगी विहिरींची वर्षातून दोनदा मोफत तपासणी हवी. अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. मानकात बेंझीनची मर्यादा यावी. आणि आपली टाकी गळत नाही, हे सिद्ध करण्याचा भार तेल कंपनीवर असावा. कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा. १९२७ साली महाडला पाण्याला स्पर्श करण्याच्या हक्काचा लढा झाला. पुढे ‘एक गाव, एक पाणवठा’ चळवळीने तो हक्क खेड्यापाड्यांत नेला. तो पाणवठा विषमुक्त ठेवणे, हा त्याच लढ्याचा पुढचा टप्पा होय.