जुन्या संगणकात अडकलेले दफ्तर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीची सर्वसाधारण देखभाल थांबविली. त्या दिवशी कोणाचा संगणक बंद पडला नाही की कोणाच्या कामात खंड पडला नाही. एवढेच झाले की, या प्रणालीत यापुढे जे दोष उघडकीस येतील ते दुरुस्त करून देण्याच्या बांधिलकीतून, काहींना मिळालेली वाढीव मुदत वगळता, कंपनी मोकळी झाली. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी अशीच सरली होती. तरीही आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले-संगमनेरपासून कर्जत-जामखेडपर्यंत, एखाद्या छापखान्यात, लहान पतसंस्थेत, दूध संकलन केंद्रात किंवा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मुदतबाह्य झालेल्या या प्रणालींवर आजही बिनबोभाट काम चाललेले आढळते. "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" हे त्यावरचे नेहमीचे उत्तर.

या उत्तरात जाणत्यांना अज्ञान दिसते, आळस दिसतो, चार पैसे वाचविण्याची कद्रू वृत्ती दिसते. आणि मग सुरक्षिततेचे दाखले देऊन नवा संगणक घेण्याचा उपदेश केला जातो. मला हे निदान अपुरे वाटते, आणि निदान अपुरे असल्यामुळेच तो उपदेश निष्फळ ठरतो. जी माणसे ठिबक सिंचनापासून मोबाइलवरील पैशांच्या व्यवहारापर्यंत प्रत्येक नवी सोय, तिचा उपयोग पटताच, आपलीशी करतात, ती एका संगणकापुरतीच जुन्याची भक्त का व्हावीत? माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण असे की, त्यांचे वर्षानुवर्षांचे दफ्तर त्या जुन्या प्रणालीत अडकलेले असते, आणि ते सुखरूप बाहेर काढण्याची वाट त्यांना कोणी करून दिलेली नसते.

छापखान्याचे उदाहरण प्रथम घेतो, कारण मराठी भाषेच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहे. शिशाच्या खिळ्यांची जुळणी मागे पडून नव्वदीच्या दशकात आपल्याकडे डीटीपीचा काळ सुरू झाला, तेव्हा पानांची मांडणी करणारा पेजमेकर आणि त्याच्या जोडीला श्रीलिपी, आकृती यांसारखे देवनागरी फॉन्ट हे छापखान्याचे भांडवल बनले. या फॉन्टांची रचना अशी होती की, संगणकाच्या लेखी फाइलमध्ये रोमन अक्षरांचेच संकेतांक साठविले जात आणि त्या संकेतांकांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरे यांच्या आकृती बसविलेल्या असत. प्रत्येक कंपनीची ही बसवणूक निराळी. त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांची गर्दी दिसे. फॉन्टाची नक्कल होऊ नये म्हणून संगणकाला एक 'लॉक' जोडावे लागे, आणि ते लॉक ओळखणारा प्रोग्राम त्या काळच्या विंडोजसाठी लिहिलेला असे. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि तीच अखेरची ठरली. सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, गावोगावच्या यात्रांची पत्रके, शाळांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, अशा ज्या फाइली मागच्या वर्षीच्या नकलेवर यंदाचे आकडे आणि नावे बसवून सिद्ध केल्या जातात, त्या सगळ्या या मांडणीत गुंतलेल्या आहेत. तिच्यातला एक दुवा बदलला की बाकीचे सारे निकामी होते, हे संगणकावर बसणाऱ्या माणसाला अनुभवाने ठाऊक असते.

वास्तविक युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीत देवनागरीला १९९१ पासून स्थान होते, आणि कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट एक्सपीसोबतच येत असे. परंतु एक्सपीमध्ये मराठीची ही सोय आपोआप सुरू होत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ती चालू करावी लागे आणि त्यासाठी बहुधा मूळ सीडी मागितली जाई. पेजमेकरला तर असा मजकूर अखेरपर्यंत हाताळता आला नाही. म्हणजे ज्या यंत्रात मराठीचा टिकाऊ मार्ग उपलब्ध होता, त्याच यंत्रात आपण आपला मजकूर अल्पायुषी मार्गाने साठवीत राहिलो. हा दोष छापखानेदाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कारण छपाईच्या कामाला उपयोगी पडेल असा दुसरा मार्ग त्या काळी त्याच्यापुढे कोणी ठेवलाच नव्हता.

जमाखर्चाची गोष्ट फारशी निराळी नाही. पतसंस्था, सोसायट्या आणि दूध संस्था यांच्याकडे संगणक आला तेव्हा कीर्द-खतावणीचे किंवा दर दहा दिवसांच्या दूधबिलाचे प्रोग्राम बहुधा फॉक्सप्रोमध्ये, पुष्कळदा डॉसवरच, एखाद्या स्थानिक तरुणाने लिहून दिलेले असत. ते नेमके होते, जलद होते आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर खातेदाराची पावती खडखडाट करीत काढून देत. पुढे तो तरुण पुण्याला निघून गेला आणि त्याने लिहिलेला सोर्स कोड संस्थेच्या कपाटात कधी आलाच नाही. डॉसचे जुने सोळा-बिटी प्रोग्राम चौसष्ट-बिटी विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ तर केवळ चौसष्ट-बिटीच आहे; तेव्हा नवा संगणक घेणे म्हणजे सभासदांच्या वीस वर्षांच्या नोंदी कुलूपबंद करून किल्ली हरविणे, असा अर्थ त्या संस्थेच्या सचिवाला दिसला तर त्यात नवल नाही.

दवाखान्यातले क्ष-किरण यंत्र किंवा कारखान्यातले संगणकचलित लेथ यांची अडचण आणखी कठीण असते, कारण तिथे संगणक हा यंत्राचाच अवयव असतो. उत्पादकाने नव्या प्रणालीसाठी प्रोग्राम दिला नाही, तर कित्येक लाखांचे धडधाकट यंत्र भंगारात काढावे लागते. साध्या संगणकाचीही आता तीच गत होऊ पाहते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आणि साधारणपणे २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर हवा असल्यामुळे त्यापूर्वीचे असंख्य संगणक, पत्रे लिहिण्यास व हिशेब ठेवण्यास पूर्ण समर्थ असूनही, अपात्र ठरले आहेत. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड अशा अवर्षणप्रवण तालुक्यांत वाढलेल्या माणसाला चालती वस्तू टाकून देणे हा अविचार वाटतो, आणि त्याची ही बुद्धी दूषण देण्याजोगी नाही.

इतके सर्व मान्य करूनही मी असे म्हणणार नाही की, जुन्या प्रणालीवर निर्धास्त राहावे. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने ज्या दोषातून प्रवेश केला, त्याची दुरुस्ती चालू प्रणालींसाठी मार्चमध्येच निघालेली होती. एक्सपीसाठी मात्र ती जगभर हाहाकार उडाल्यानंतर, अपवाद म्हणून, सर्वांना देण्यात आली. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, त्याच दोषाचा उपयोग करणाऱ्या नॉटपेट्या या विषाणूने मर्स्क या जहाज वाहतूक समूहाला ग्रासले आणि न्हावा-शेवा बंदरातले त्यांचे टर्मिनल ठप्प झाले. ज्या बंदरातून आपल्याकडचा शेतमाल समुद्रापार जातो, तेच हे बंदर. २०१८ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने एटीएम यंत्रांतील मुदतबाह्य प्रणाली टप्प्याटप्प्याने काढून टाकून जून २०१९ पर्यंत हे काम पुरे करण्याचा हुकूम बँकांना दिला, तो अशाच धोक्यांच्या जाणिवेने.

इथे एक विवेक केला पाहिजे. छापखान्याचा मालक इंटरनेटची जोडणी काढून आपला जुना संगणक वापरीत राहिला, तर तो जोखीम घेतो ती मुख्यतः स्वतःची. पतसंस्थेला मात्र ही मुभा नाही, कारण तिथला पैसा परक्याचा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली चालणाऱ्या पतसंस्थांतील ठेवींना बँकेतील ठेवींप्रमाणे ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही. ऊसतोडणीतून वाचविलेले किंवा मुलीच्या लग्नासाठी बाजूला टाकलेले पैसे तिथे ठेवणाऱ्या माणसाच्या हक्काचा मुख्य आधार म्हणजे संस्थेच्या नोंदी. त्या नोंदी एका जराजर्जर हार्ड डिस्कवर, एकाच प्रणालीत, एकाच माणसाच्या भरवशावर राहू देणे हा विश्वासाचा भंग आहे.

मग जपणूक करायची कशी? या प्रश्नाचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या परंपरेत फार पूर्वीच दिले गेले आहे. नेवाशाला सांगितली गेलेली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली असे परंपरा मानते ती ज्ञानेश्वरी, तिची ती आदिप्रत आज अस्तित्वात नाही. ग्रंथ तगला, कारण पिढ्यान् पिढ्या त्याच्या नव्या प्रती होत राहिल्या, आणि प्रतींत पाठभेद शिरले तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. जतन करणे म्हणजे मजकूर वेळेवर नव्या पात्रात उतरवून त्याची रुजुवात घेणे, हा धडा त्यात आहे. ज्या दफ्तराची अशी उतरवणूक झाली नाही त्याचे काय होते, ते मोडीच्या रुमालांकडे पाहून कळते. कागद शाबूत आहेत, वाचणारे मोजके उरले आहेत. मोडी निदान शिकून घेता येते. कंपनी बंद पडल्यावर आणि लॉक बिघडल्यावर तिच्या फॉन्टातला मजकूर वाचायला शिकविणारा गुरू कुठे शोधावा?

म्हणून उपदेशाऐवजी तजवीज हवी. ज्या कंपन्यांनी फॉन्ट आणि प्रोग्राम विकले, त्यांनी देखभाल सोडताना आपली संकेतांची कोष्टके आणि फाइलींची रचना खुली करावी, अशी अट शासनाने खरेदीच्या करारांतच घालावी. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्या धर्तीवर राज्याने बिगरशेती पतसंस्थांना आणि दूध संस्थांना हात द्यावा, आणि जुन्या वर्षांच्या नोंदी नव्या पद्धतीत उतरविण्याचा खर्च त्या मदतीत स्पष्टपणे धरावा. लोणी, संगमनेर, कोपरगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे आणि फॉक्सप्रोच्या फाइली सोडविण्याचे काम प्रकल्प म्हणून अंगावर घेतले, तर त्यांचे शिक्षणही होईल आणि तालुक्याचे ऋणही फिटेल. ज्यांचे काम पत्रव्यवहार आणि इंटरनेट एवढ्यावर भागते, त्यांच्या अपात्र ठरलेल्या संगणकांवर लिनक्सची मोफत प्रणाली घालता येते; सी-डॅकने 'बॉस' नावाने अशी प्रणाली सिद्ध केली आहे, आणि केरळच्या सरकारी शाळांनी हा मार्ग कित्येक वर्षे यशस्वीपणे अवलंबिला आहे.

आणि वार्षिक लेखापरीक्षणाच्या वेळी लेखापरीक्षकाने प्रत्येक संस्थेला एक प्रश्न अवश्य विचारावा: तुमच्या मागच्या दहा वर्षांच्या नोंदी दुसऱ्या, अनोळखी संगणकावर आत्ता उघडून दाखवता येतील काय? 'होय' म्हणणाऱ्या संस्थेला नव्या प्रणालीचे भय उरणार नाही. 'नाही' म्हणणाऱ्या संस्थेला आपले संकट त्याच दिवशी कळेल.

१९५० च्या सुमारास याच जिल्ह्यात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा ऊस पिकविणारा शेतकरी कारखान्याच्या मालकीत वाटेकरी झाला. ज्या सहकाराने माणसाला भांडवलाची मालकी दिली, त्याच्या आजच्या वारसांनी सभासदाचा हिशेब कोणा कंपनीच्या मुदतीच्या स्वाधीन करून स्वस्थ बसू नये. संस्थेच्या नोंदींवर तिच्या सभासदांची सत्ता असली पाहिजे, आणि संगणक कोणताही असो, त्या नोंदी त्याच्या पलीकडे टिकल्या पाहिजेत. सहकार खात्याने येत्या लेखापरीक्षणापासूनच या कामाला आरंभ करावा.