गोलरक्षकाचे हसू

६ डिसेंबर २०१५ रोजी रायपूरच्या सरदार वल्लभभाई पटेल हॉकी मैदानावर भारत व नेदरलँड्स यांचा कांस्यपदकाचा सामना ५-५ असा बरोबरीत सुटला. शूटआउटमध्ये गोलरक्षक पी. आर. श्रीजेशच्या बळावर भारत ३-२ असा जिंकला. त्या संध्याकाळची आठवण रायपूरचे हॉकीरसिक आजही काढतात आणि बोलता बोलता त्याच्या खट्याळपणावर येतात. टोकियोचे कांस्यपदक मिळताच गोलच्या आडव्या खांबावर चढून बसलेला श्रीजेश कोण विसरेल?

हा विनोद म्हणजे खेळाला लावलेली झालर, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. दहा जणांच्या चुका अखेर गोलरक्षकाच्या माथी येतात. अशा जागी अठरा वर्षे उभे राहायचे, तर स्वतःवर हसता आलेच पाहिजे.

२०२४ मध्ये पॅरिसच्या कांस्यपदकानंतर तो निवृत्त झाला, तेव्हा ‘आणखी दोन वर्षे खेळायला हवे होते’ अशी हळहळ व्यक्त झाली. ती प्रेमापोटी असली, तरी थोडी स्वार्थीच होती. आपल्याला आपली जुनी संध्याकाळ पुन्हा हवी असते. छत्तीस वर्षांच्या शरीराचा विचार आपण करत नाही.

पुढे तो कनिष्ठ संघाचा प्रशिक्षक झाला. डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईत कनिष्ठ विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याची मुले जर्मनीकडून १-५ अशी हरली. कांस्यपदकाच्या सामन्यातही अर्जेंटिनाविरुद्ध ती दोन गोलांनी मागे पडली आणि तरीही ४-२ अशी जिंकली. त्या दिवशी विश्रांतीच्या वेळी तो मुलांशी काय बोलला असेल, याचे मला फार कुतूहल आहे.